बाटलीवर गावाचे नाव, गठाणीवर कोणाचे?



पूर्णाकाठच्या आमच्या गावातून आम्ही नऊ जण माघ महिन्यात नाशिककडे द्राक्षे पाहायला निघालो, तेव्हा पारावर थट्टा झाली. "दारू पाह्यले चालले काय रे?" असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "पाहून या, पण चाखून येऊ नका." हसत हसत मूर्तिजापूरला गाडीत बसलो आणि नाशिकरोडला उतरलो. येताना मात्र कोणी हसत नव्हते. काय पाहिले आणि हसू कुठे गेले, ते जिल्ह्याच्या सभेपुढे ठेवावे म्हणून हे लिहितो आहे.

नाशिक शहरातून गंगापूर रस्त्याने पश्चिमेला जायचे. वाटेत आनंदवल्ली लागते, सोमेश्वरचे देऊळ आणि गोदावरीचा धबधबा लागतो. पुढे गंगापूर. माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई उत्तर आयुष्यात याच गावी राहिल्या. त्यापुढे गोदावरीवरचे गंगापूर धरण. मातीचे हे धरण 1965 साली पुरे झाले. त्याच्या पाण्याला लागून गंगावऱ्हे नावाचे छोटे गाव आहे. नाव ऐकून आमच्यातला एक म्हणाला, "हे त आपलंच गाव निंघालं, नावातच वऱ्हे हाये!" तेवढेच काय ते आपले. बाकी सगळे वेगळे.

त्र्यंबकच्या बाजूची ही शिवारे मुळात भात-नागलीची. आज पाण्याच्या कडेने द्राक्षांच्या ओळी उभ्या आहेत. खायची नव्हेत, वाइनची द्राक्षे. मणी लहान, साल जाड, आत बिया. वायनरीत शिरलो. द्राक्षे चिरडतात, रस पोलादी टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. पांढऱ्या वाइनला साल आधीच वेगळी करतात, लाल वाइनला सालीसकट आंबवतात. काही माल लाकडी पिंपांत महिनोन्महिने मुरतो. हे सारे पाहायला मुंबई-पुण्याची माणसे तिकीट काढून येतात. एक पोरगी त्यांना गावाची माती कशी, नदीवरून वारा कसा येतो, रात्री गारठा किती पडतो, हे रंगवून सांगत होती. पेल्यात थेंबभर ओतून आधी हुंगायला लावतात. आणि बाटलीवर नाशिकचे नाव, नदीचे नाव, मळ्याचे नाव.

आमच्यात सत्तरीचे एक आबाजी होते. ते सगळे ऐकून घेत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आमची माती यायच्या मातीहून काळी हाये. तिचं नाव कोनी काऊन नाही घेत?"

भावांनो, साऱ्या प्रवासात खरा प्रश्न हा एकच निघाला. त्याचे उत्तर शोधू.

चमत्कार मातीचा की कायद्याचा?

पुढारी सांगतात, नाशिकचा शेतकरी हुशार, वऱ्हाडचा आळशी. तो प्रयोग करतो, हा पारावर बसतो. हे खोटे आहे, आणि खोटे कसे ते तारखांनीच दाखवता येते.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षे जुनी आहेत. वाइन जुनी नाही. आज सगळ्यांना ठाऊक असलेल्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली 2000 साली. दुसऱ्याच वर्षी, 2001 साली, महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण काढले. वाइनला उत्पादनशुल्कात माफी दिली. परवाना सोपा केला. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. पुढे विक्रीकर 20 टक्के ठेवला, पण त्यातले 16 टक्के उत्पादकाला परत द्यायची योजना आणली. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव दुसऱ्या मुलखातल्या मालाला लावता येत नाही. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षे 150 टक्के आयातकर राहिला. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 2022 च्या डिसेंबरात लागू झाला, तेव्हा कुठे महागड्या बाटल्यांवर त्यात थोडी सूट सुरू झाली.

आता हे सगळे एका खाली एक मांडून पाहा. धरणाचे पाणी सरकारचे. शुल्कमाफी सरकारची. कर परत देणारे सरकार. परदेशी मालाला भिंत सरकारची. इतके सगळे मिळाल्यावर द्राक्षाच्या रसाला गावाचे नाव लागले. माती होतीच. माणूस कष्टाळू होताच. वेगळा होता तो कायदा.

आमचे त्या शेतकऱ्याशी भांडण नाही. त्याला मिळाले ते काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न एवढाच की, त्याच राज्यात, त्याच विधानसभेने, कापसाचा आणि ज्वारीचा कायदा कसा केला?

नाव आमचेही होते

आबाजींना ठाऊक नव्हते आणि आपल्या पोरांना शाळेत कोणी शिकवत नाही, म्हणून सांगतो. वऱ्हाडच्या कापसाला एके काळी नाव होते. साध्या बाजारात नव्हे, इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या बाजारात. उमरावतीवरून तिथले व्यापारी आपल्या कापसाला "ऊमरा" म्हणत आणि त्या नावाने भाव पुकारत. आपल्या शेजारचा हिंगणघाटचा कापूसही असाच गावाच्या नावाने ओळखला जाई. रेल्वे येण्याआधी हा माल बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठी मिर्झापूरला जाई. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजाला वऱ्हाड आठवले. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. 1870 साली खामगावचा फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. तो काही गजानन महाराजांच्या दर्शनाला आला नव्हता. तुमच्या-आमच्या पणजोबांच्या कापसासाठी आला होता.

इंग्रजाने ते आपल्या भल्यासाठी केले असे कोणी समजू नये. त्याने लुटले. पण लुटणाऱ्यालाही माल कुठला ते ठाऊक होते. स्वराज्यात ते नावही गेले.

1971 साली कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा झाला आणि पुढच्या हंगामापासून लागू झाला. कापूस पिकवायचा आम्ही, पण विकायचा एकाच दारात. गावात सरकी काढून रुई विकायची सोय नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात भाव जास्त असला तरी गाडी सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा. नाक्यावर पोलीस बसले, आणि स्वतःच्या वावरातला माल रात्री चोरासारखा नेणारा शेतकरी वऱ्हाडाने पाहिला. योजनेने काही वर्षे बरा भाव दिला, हेही खरे सांगितले पाहिजे. पण चुकारे लांबले, निधीच्या नावाने कपाती झाल्या, आणि दर्यापूरचा, अकोटचा, मोर्शीचा कापूस एकाच ढिगात पडला. ढिगाला गाव नसते. सुमारे तीस वर्षांनी, 2002 च्या आसपास, खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. तोवर वऱ्हाडच्या शेतकऱ्याची एक अख्खी पिढी आपला माल काय आहे हेच विसरून गेली होती.

ज्या वर्षांत द्राक्षवाल्याला "तू प्रक्रिया कर, आम्ही कर माफ करतो" असे सांगण्याची तयारी चालली होती, त्या वर्षांत कापूसवाल्याला "तू प्रक्रिया करशील तर खबरदार" असे सांगितले जात होते. वऱ्हाड मागे का, याचे उत्तर शोधायला समित्या कशाला नेमायच्या?

साखर मोजली जाते, रुई मोजली जात नाही

गंगावऱ्ह्याजवळ एका बागायतदाराशी बोललो. त्याने खिशातून बोटाएवढे एक यंत्र काढले. काचेवर द्राक्षाच्या रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून पाहायचे, आत साखरेचा आकडा दिसतो. कारखान्याशी करार असतो आणि पैसे त्या आकड्यावर ठरतात. आकडा त्यालाही दिसतो, कारखान्यालाही दिसतो.

आणि आपल्याकडे? बाजार समितीत व्यापारी गाडीवर चढतो, मूठभर कापूस उपसतो, बोटांनी ओढून पाहतो, ओल आहे म्हणून नाक मुरडतो आणि भाव बोलतो. कापूस घेतला जातो, पण त्याला पैसे मिळतात ते रुई आणि सरकी वेगळी विकून. मग त्या क्विंटलात रुई किती, हे आपल्यासमोर कोण मोजतो?

हिशेब करू. एकाच्या क्विंटलात 33 किलो रुई निघते, दुसऱ्याच्या 36 किलो. समजा रुई 150 रुपये किलो आणि सरकी 35 रुपये किलो. तीन किलो रुई जास्त म्हणजे तीन किलो सरकी कमी. फरक पडतो 345 रुपये क्विंटलला. वीस क्विंटल पिकवणाऱ्याचे 6900 रुपये. हे पैसे त्याच्याच वावरात पिकले, पण दोघांना भाव एकच मिळाला. वरचे पैसे कुठे गेले? आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

आणखी एक हिशेब. वाइनच्या एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. एका सदऱ्याला पाव किलो रुई धरा, म्हणजे पाऊण किलो कापूस. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. म्हणजे सदऱ्यात कापूस साठ-एकसष्ट रुपयांचा. तो सदरा अमरावतीच्या दुकानात कितीला मिळतो ते प्रत्येकाने आपापल्या खिशाला विचारावे. त्या सदऱ्यावर शिवणाऱ्या कंपनीचे नाव असते. सूत कातणाऱ्याचे नसते, आणि पिकवणाऱ्याचे तर नसतेच.

7 ऑक्टोबर 2020 ला केंद्र सरकारने भारतीय कापसाला "कस्तुरी" असे नाव दिले. नाव सुंदर आहे. पण कस्तुरी ज्या मृगाच्या बेंबीत असते, त्यालाच तिचा पत्ता नसतो. नाव ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घेऊनच ठेवले असेल काय?

आणि भिंतीचे काय? कापसावर 11 टक्के आयातकर लागला तो 2021 साली. वाइनच्या 150 पुढे हे अकरा म्हणजे वावराला बोराटीचे कुंपण. तेही टिकले नाही. 19 ऑगस्ट 2025 ला तो माफ केला, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली पहिली वेचणी घरात येते, दसरा-दिवाळी असते, देणेकरी दारात असतो, नेमका तो काळ. आम्ही भिंतीसाठी भीक मागत नाही. पण भिंत बांधायची तर दोघांच्याही बांधावर बांधा, आणि पाडायची तर दोघांचीही पाडा.

ज्वारीच्या नावाने कोणाची चूल पेटली?

कोणी म्हणेल, सरकारने ज्वारीसाठीही असेच धोरण काढले होते. काढले होते, आणि त्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. 2007 साली धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचे ठरले. सांगितले गेले की पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी कोणी घेत नाही, तिला आता भाव येईल. आपल्यापैकी काहींनी टाळ्याही वाजवल्या. पण परवाने कोणाच्या घरी गेले, याची यादी बाहेर आली तेव्हा तीत राजकारण्यांच्या नातलगांची नावे निघाली आणि राज्यभर गदारोळ झाला. अनुदान कारखान्याला होते, क्विंटलला नव्हते. ज्वारी पुढे केली ती फक्त नावाला. वऱ्हाडात ज्वारीचे शिवार तेव्हापासून वाढले की घटले, ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तिच्या जागी सोयाबीन आले. कडबा गेला, त्यामागे गुरे गेली.

उलट मंगळवेढ्याकडे पाहा. सोलापूर जिल्ह्यातला तोही कोरडवाहूच भाग. तिथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीला गावाचे नाव लागू शकते, याला यापरता कोणता दाखला हवा?

गाडगेबाबांच्या मुलखात वाइनची वकिली?

हा प्रश्न सभेत येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. आम्ही वाइनची वकिली करत नाही. वऱ्हाड हा गाडगेबाबांचा मुलूख आहे. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि घर उघड्यावर आले. दापुऱ्याला मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. दारू आणि कर्ज, दोन्ही त्या माणसाने लहानपणीच पाहिले आणि जन्मभर दोन्हींविरुद्ध ओरडत राहिला. ज्यांच्या घरात बाटलीने चूल विझवली त्या मायबहिणी या सभेत बसलेल्या असतील. त्यांच्यापुढे वाइनला द्राक्षाचे सरबत म्हणायचे धाडस आमच्यात नाही. 27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने किराण्याच्या मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले, तेव्हा शेतकऱ्याच्या भल्यासाठी असे सांगितले गेले. विरोध उठला आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. शेतकऱ्याचे नाव पुढे करून दुसऱ्याचा माल खपवायची ही जुनी खोड आहे. ज्वारीच्या वेळी आपण ती पाहिली.

शिवाय दुरून डोंगर साजरे. वाइनच्या गावातला प्रत्येक शेतकरी काही वायनरीचा मालक नाही. बहुतेक जण माल घालणारे आहेत. साखर भरली नाही तर माल परत येतो. अवकाळी पाऊस आणि गारा त्यांच्याही नशिबी आहेत. नारायणगावची इंडेज ही या धंद्यातली जुनी आणि मोठी कंपनी. ती कर्जात बुडाली तेव्हा द्राक्षे घातलेल्या शेतकऱ्यांचे पैसेही अडकले. मोठ्या झाडाखाली सावली असते, पण ते पडते तेव्हाही खाली असलेल्यांच्याच अंगावर पडते.

म्हणून आम्ही द्राक्षे लावा असे सांगत नाही. वाइन काढा असेही सांगत नाही. आणायचे ते एवढेच की, पिकवणाऱ्याला आपल्या गावात आपल्या मालावर प्रक्रिया करायची मुभा हवी, माल त्याच्यासमोर मोजला जावा आणि मालावर त्याच्या गावाचे नाव राहावे.

नदी आमच्याकडेही आहे

परत येताना आबाजी म्हणाले, "नदी त आपल्या गावालेही हाये." खरे आहे. पूर्णा आहे. पण खारपाणपट्ट्यात नदीच्या काठावर विहीर खणली तरी पाणी खारे लागते. ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही चालत नाही. आमचे पीक आभाळावरच.

वारसाही आहे. दर्यापूर तालुक्यात लासूरला पूर्णेकाठी आनंदेश्वराचे यादवकाळातले दगडी देऊळ उभे आहे. सातशे-आठशे वर्षांत त्याचे कोरीव खांब हलले नाहीत. भातकुली तालुक्यात ऋणमोचन आहे. तिथे पौषातल्या रविवारी जत्रा भरते. भाविकांचे हाल पाहून गाडगेबाबांनी तिथे नदीला घाट बांधला. कर्जातून सोडवणारे गाव, असे त्या नावातच लिहिले आहे. कर्जापायी शेतकऱ्याने फास लावून घेतल्याच्या बातम्या ज्या मुलखातून येतात, त्याच मुलखात त्या नावाचे तीर्थ आहे! पण नदीत बुडी मारून सोसायटीचे कर्ज फिटत नाही. ते मालाच्या भावाने फिटते.

मुंबईकर आमच्या देवळाचे फोटो काढायला आले तर येऊ द्या, चहा पाजू. पण गावाचा वारसा पाहुण्यांच्या तिकिटावर जगत नसतो. मालाला भाव असेल तर गावातली पोरे गावात राहतात, जत्रा भरते, देवळाचा दगड निखळला तर वर्गणी जमते. भाव नसेल तर देऊळ उरते आणि गाव जाते.

सभेपुढे मागण्या

एक. कापसाचा भाव रुईच्या उताऱ्यावर ठरावा. बाजार समितीच्या आवारात नमुन्याची सरकी काढून, शेतकऱ्यासमोर तोलून आकडा लिहून द्यावा. साखर मोजता येते तर रुई मोजता येते.

दोन. गावोगावच्या गटांना लहान जिनिंगसाठी वाइनला दिली तशी करसवलत आणि तसाच सोपा परवाना मिळावा. एका गावाच्या कापसाची गठाण वेगळी बांधली जावी आणि तिच्यावर त्या गावाचे नाव असावे.

तीन. ज्वारीच्या हुरड्यापासून लाह्या-रव्यापर्यंत घरी आणि गावात जे करता येते त्याला अनुदान द्यायचे तर ते क्विंटलला द्यावे, कारखान्याच्या मालकाला नको. 2023 साली जगाने भरडधान्याचे वर्ष साजरे केले. वर्ष संपले, ज्वारी तिथेच आहे.

चार. वेचणीच्या हंगामात आयातकराशी खेळ बंद व्हावा. वाइनला एक न्याय आणि कापसाला दुसरा, हे चालणार नाही.

मागण्या करून घरी बसायचे नाही. पुढच्या सभेला येताना प्रत्येकाने एक काम करून यायचे. आपल्या वावरातला एक किलो वाळलेला कापूस घ्या. रात्री घरच्या सगळ्यांनी बसून हाताने सरकी वेगळी करा. दुकानदाराच्या काट्यावर रुई आणि सरकी वेगवेगळी तोला. आकडा चिठ्ठीवर लिहा. खाली वाण लिहा, विकला त्या दिवशीचा भाव लिहा, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात गावाचे नाव लिहा.

शंभर गावांच्या शंभर चिठ्ठ्या टेबलावर पडल्या, म्हणजे व्यापाऱ्याला आणि सरकारला विचारायचा प्रश्न आपोआप तयार होईल. आबाजींनी आपली चिठ्ठी केव्हाच लिहून ठेवली आहे. तुम्ही कधी लिहिता?